पवनचक्कीवरचा जोडीदार

दादा,

कोळशावरचं वीजकेंद्र बंद झाल्यावर पवनचक्कीचं काम शिकायला आपण दोघांनी मिळूनच नाव घातलं होतं. "या वयात पोरांसारखं वर्गात बसायचं?" म्हणत तू दुसऱ्याच दिवशी घरी निघून गेलास. मी राहिलो. पार थकलोय रे.

आज वर अडकलेल्या जोडीदाराला दोरानं खाली आणायचा सराव होता. तू नाहीस, म्हणून मला माणसाच्या वजनाचा बाहुला दिला. अर्ध्यावर येईपर्यंत हात भरून आले. शिकवणाऱ्या बाई खालून ओरडल्या, "त्याच्याशी बोलत राहा! घाबरलेल्या माणसाला आवाजाचा आधार लागतो."

बाहुल्याशी काय बोलणार? तोंडातून निघून गेलं, "दादा, मी धरलंय. सोड आता हात."

सगळे हसले. मीही हसलो, पण डोळे भरून आले.

खाली उतरल्यावर बाईंनी विचारलं, "तुमचा खरा जोडीदार येणार आहे का? नाहीतर ती जागा मी दुसऱ्याला देते."

"येतोय," मी म्हणून बसलो.

हे पत्र काही टाकत नाही. "धाकटा मला शहाणपण शिकवायला लागला," म्हणशील. त्यापेक्षा सकाळी तुझ्या दारातच येऊन उभा राहतो. काय भांडायचं ते भांडू, पण इकडच्या वाटेला लागून.

तुझाच,
धाकटा