चुलीपुढचे आभार

बाबा,

काल एक मुलगी घरी आली होती. युगांडात कापूस पिकवणाऱ्या लोकांवर ती विद्यापीठात संशोधन करते. पिशवीतून तिनं माझाच एक जुना लेख काढला. त्यातल्या एका वाक्याखाली पेन्सिलीनं रेघ मारलेली होती. त्यावर बोट ठेवून तिनं विचारलं, "सर, हे तुम्हाला कोणी सांगितलं?" जन्मभर मी विद्यार्थ्यांना हाच प्रश्न विचारून भंडावून सोडलं. आपण सरांना त्यांच्याच प्रश्नात पकडलं असं तिला वाटलं असावं, कारण ती जरा हसली. पण मला हा प्रश्न पहिल्यांदा तुम्ही विचारला होतात, अमरावतीच्या स्टेशनावर. तेव्हा मी धड उत्तर दिलं नाही आणि कालही दिलं नाही. म्हणून लिहायला बसलोय. हात लवकर दुखतो आता, आणि अक्षर असं की तुम्ही ओळीखाली बोट धरून वाचायला बसला असतात तरी दोन ओळींत कंटाळला असतात.

अकोल्यातली आपली ती टिनाची खोली मला अजून जशीच्या तशी दिसते. पुढे जिनिंगचा कारखाना, मागे फिटर लोकांच्या खोल्या, आणि हंगाम सुरू झाला की घरात, दारात, वरणातसुद्धा रुईचे तंतू. संध्याकाळी भोंगा होतो, तुम्ही येता. भुवयांवर कापूस चिकटलेला, हाताला ग्रीसचा वास. आई चुलीपुढे ज्वारीची भाकरी थापत असते. पाय धुवायच्याही आधी तुम्ही दारात उभे राहता आणि तिच्याकडे पाहून म्हणता, "वेबाले कुफुंबा." आई मान वर न करता म्हणते, "बरं बरं. पाय धुवा आंधी." रोजचं होतं हे. मला कळायला लागल्यापासून घरात मी जी भाषा ऐकली तिच्यात हे दोन शब्द होतेच, मीठ-मिरचीसारखे. ते तुम्ही युगांडातून आणलेत हे मला फार उशिरा कळलं, आणि त्यांचा अर्थ "स्वयंपाक केलास, तुझे आभार" असा होतो हे त्याहून उशिरा.

आपल्याकडे आभार मानायची पद्धत नाही. शेजारीण वाटीभर साखर देऊन गेली तर आपण तिची वाटी रिकामी पाठवत नाही, झालं. तुम्ही मात्र बाजारात भाजी निवडत बसलेल्या बाईला "वेबाले" म्हणायचात, सायकलीचं पंक्चर काढणाऱ्याला म्हणायचात. मामाच्या मळ्यात गेलो की तो वांग्यात निंदण करत असायचा, त्यालाही बांधावरून ओरडून म्हणायचात. मामा खुरपं टेकवून खो खो हसायचा. "दाजी, वावर मायं, वांगे माये, पैसे बी मलेच भेटन. तुमाले काहून येवढा पुळका?" तुम्ही म्हणायचात, "तू करून रायला, म्या पायलं. म्हून म्हटलं." मामी पदरात तोंड लपवायची. बारा वर्षं परदेशात राहून जावईबापूंचं डोकं थोडं सरकलं, हे त्या घरात सगळ्यांनी प्रेमानं मान्य केलेलं होतं.

तिकडचं तुम्ही फारसं बोलायचा नाहीत. एकच गोष्ट दोन-तीनदा सांगितलेली आठवते. तिथल्या कारखान्यात तुमचा पहिला आठवडा. सरकी काढायचा रेचा बंद पडलेला, तुम्ही त्याच्याखाली आडवे. डोक्यावर कापसाचं गाठोडं घेतलेला एक म्हातारा वाट वाकडी करून येतो, तुमच्या पायांशी उभा राहतो आणि काहीतरी बोलतो. "मले वाटलं, याले काई पायजे. म्या पाना उगारला," तुम्ही सांगायचात. म्हातारा उत्तराची वाट पाहत थांबला आणि मग निघून गेला. दुसऱ्या दिवशी हाताखालच्या माणसानं तुम्हाला अर्थ सांगितला. "आपुन तं त्याच्या बापाचे नोकर बी नाई. मशीन मालकाची, बिघडली बी मालकाची. पन मानूस खाली पडून काम करून रायला, हे पाहून त्यो बोलल्याबिगर पुढं जाऊ शकला नाई." पान्याची आठवण आली की तुम्ही मान खाली घालायचात. तेव्हा मला वाटायचं, यात खाली मान घालण्यासारखं काय आहे?

मग मी अमरावतीला कॉलेजात गेलो. दुसऱ्या वर्षी निबंधाची स्पर्धा लागली, विषय परक्या सत्तेखालच्या समाजांचा. मी युगांडातले बागांडा लोक निवडले. त्यांचा राजा, त्यांचे सरदार, इंग्रजांनी करार करून त्या सरदारांना वाटलेली जमीन आणि त्या जमिनीवर कुळं होऊन बसलेले शेतकरी. विषय चांगला होता. आपला वऱ्हाड कागदावर निजामाचा, कारभाराला इंग्रजांचा आणि नकाशात मध्य प्रांताला टाचलेला. असला विषय आम्हाला नाही कळायचा तर कोणाला? इतिहासाच्या सरांनी विचारलं, "तुमचे वडील तिकडे होते म्हणता, त्यांच्याशी बोललात का?" मी म्हणालो, "ते फिटर होते सर. त्यांना यातलं काय माहीत असणार?" सरांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. लायब्ररीत त्या मुलखाबद्दल एकच पुस्तक होतं, तिथे राहून आलेल्या कोण्या इंग्रज अधिकाऱ्याचं. निबंध मी त्यावरच उभा केला.

बक्षीस मला मिळालं. तुम्ही रजा टाकून आलात, बडनेऱ्याला गाडी बदलून. इस्त्रीचा कोट, टोपी आणि काखेत वर्तमानपत्रात बांधलेलं पुडकं. मला वाटलं, आईनं दशम्या दिल्या असतील. तुम्ही मागच्या रांगेत बसलात. मी इंग्रजीत वाचलं, मग पाहुण्यांसाठी थोडक्यात मराठीत सांगितलं. आणि त्या मुलीनं काल बोट ठेवलं ते वाक्य आलं. स्वतःच्या शेतात, स्वतःसाठी राबणाऱ्या माणसाचेही हे लोक आभार मानतात. पिढ्यान्‌पिढ्या सरदारांपुढे वाकून वाकून आभार ही त्यांच्या जिभेची सवयच झाली आहे. सभागृह हसलं. थोड्या वेळापूर्वी बक्षीस द्यायला इंग्रज साहेब आत आले तेव्हा हेच सगळे लोक कमरेत वाकले होते, पण ते तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. मी मागच्या रांगेकडे पाहिलं. तुम्ही हसत नव्हतात. तुम्ही पुडकं काखेतून काढून मांडीवर घेतलं होतं.

स्टेशनापर्यंत तुम्ही माझ्या पुढे चाललात. फलाटावर म्हणालात, "कोनाले विचारलं तू?"

"पुस्तकात आहे बाबा."

"पुस्तकवाल्याले कोनं सांगतलं?"

"तो मोठा अधिकारी होता. तिथेच राहत होता."

"म्या बी रायलो तिथीसा." तुम्ही रुळांकडे पाहत होतात. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर मी भांडलो असतो. "मंग मी इतके वर्सं तुया मायपुढं वाकून रायलो का, लेका?"

गाडी लागली. चढता चढता तुम्ही पुडकं माझ्या हातात दिलंत. "घे. तुया मास्तरले दाखवाले आनलं होतं." आत दशम्या नव्हत्या. उंबरासारख्या झाडाची साल कुटून कुटून तिकडे कापड करतात, त्याचा हातभर तुकडा होता, विटकरी रंगाचा. तुमच्या ट्रंकेच्या तळाशी तो असायचा, आम्हाला हात लावू द्यायचा नाहीत. सरांना मी तो दाखवला नाही. दाखवायचा तर तुम्ही फलाटावर काय विचारलंत तेही सांगावं लागलं असतं.

दिवाळीला घरी आलो. भोंगा झाला. आई चुलीपुढे. तुम्ही दारात आलात, चपला काढल्यात, पाय धुतलेत आणि पाटावर बसलात. आईनं भाकरी तव्यावर टाकली आणि मान वर करून दाराकडे पाहिलं, मग तुमच्याकडे. बरं बरं म्हणायला तिचं तोंड अर्धं उघडलेलं होतं. भाकरी एका बाजूनं करपली. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही. मी निघायच्या दिवशी तिनं मला अंगणात गाठलं. "यायले काय झालं रे? मले काईच म्हनत नाई आता. मायं काई चुकलं का?" मी म्हणालो, "वय झालं आई त्यांचं." तुम्ही तेव्हा पन्नाशीचेही नव्हतात. त्यानंतर तुम्ही तेरा वर्षं जगलात आणि माझ्या कानावर तो शब्द पुन्हा पडला नाही. मामालाही नाही. तोच एकदा म्हणाला, "दाजी सुदरले." घरात कोणी हसलं नाही.

त्या निबंधाचा लेख झाला, लेखावर नोकरी मिळाली, नोकरीतून नाव झालं. तुम्ही आणि आई दोघंही गेल्यावर मी युगांडात चार महिने राहून आलो. पहिल्याच सकाळी खोलीमागे माझा सदरा मीच धूत बसलो होतो. कुंपणापलीकडून एक म्हातारी चालली होती. ती थांबली आणि धुण्याबद्दल माझे आभार मानून उत्तरासाठी उभी राहिली. मला उत्तर येत नव्हतं. ती गेली आणि मी ओल्या सदऱ्यावर हात ठेवून तिथेच रडलो, बाबा. चांगला रडलो. परत आल्यावर लेख दोनदा नव्यानं छापला गेला. दोन्ही वेळा दुरुस्ती करायची सोय होती. मी तळटीपा वाढवल्या आणि ते वाक्य राहू दिलं. ते काढलं असतं तर कोणी विचारलं असतं, का काढलं.

काल त्या मुलीला मी म्हणालो, "मी तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो. पुस्तकावर विसंबलो. मला माहीत नव्हतं." तिनं ते वहीत लिहून घेतलं. तिला खरं वाटलं. आई गेली तेव्हा मी स्वतःलाही हेच सांगितलं होतं, आणि इतक्या वेळा सांगितलं की जवळजवळ खरं झालं.

काल ती मुलगी निघून गेल्यावर मी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिलो. सून पोळ्या लाटत होती. "काय हवंय बाबा?" तिनं विचारलं. मी पाणी मागितलं.

परवा ती मुलगी परत येणार आहे. तिला खरं सांगेन की नाही, ठाऊक नाही. हे पत्र त्या सालीच्या कापडात गुंडाळून तुमच्याच ट्रंकेत ठेवीन, त्यापलीकडे ते कुठे जाणार? पण निदान तुम्हाला तरी सांगतो. त्या इंग्रजाच्या पुस्तकात तो शब्द इंग्रजी अक्षरांत जसाच्या तसा छापलेला होता. लायब्ररीत मी तो हळूच ओठांत वाचून पाहिला, आणि मला तुमचा आवाज ऐकू आला, दारातून आलेला, आणि मागोमाग आईचं बरं बरं. मला माहीत होतं, बाबा. वाक्य मी त्यानंतर लिहिलं.