दाजींच्या पिकअपचं स्टेअरिंग

८ फेब्रुवारी

चि. ठोंब्यास,

अनेक आशीर्वाद. दोन लेकरांचा बाप झालास तरी मी याच नावाने हाक मारणार, कुरकुर करायची नाही.

हे गेल्यापासून पिकअप दारात पडून होती. काल दुसऱ्या गाडीला बांधून तुझ्या गॅरेजकडे पाठवली आहे. तोंड चेपलंय, स्टेअरिंगचा दांडा मोडलाय. जुनी आहे, पण दुरुस्त कर. दुकानांना माल पोचवायचं काम थांबलं तर चूल थांबेल. मीच चालवीन.

सासूबाई म्हणतात, अपघाताच्या थोडं आधी इथल्या मिस्त्रीने स्टेअरिंग खोललं होतं, त्यानेच बोल्ट ढिला ठेवला. धाकट्या दिरांनी त्याला गॅरेजात शिरून मारलं. आता तिकडे कुणी फिरकत नाही. मलाही त्याचं तोंड बघवत नाही. तो बोल्ट तू एकदा बघ आणि खरं काय ते कळव.

तुझी ताई

१७ फेब्रुवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि. तशाच एका भंगारातल्या गाडीचा दांडा मिळाला, तो बसवला. चाक हलकं फिरतंय, जरा उजवीकडे ओढतंय, तेही काढतो. तू चालवणार म्हटल्यावर रस्त्यावरच्या कोंबड्यांची काळजी वाटते.

आता पुढचं. हे लिहून दोनदा फाडलं. ताई, बोल्ट घट्ट होता. पान्याला पाईप लावून जोर केला तेव्हा सुटला. दांडा मोडलाय तिथे लोखंड चकचकीत आहे. जुनी चीर असती तर आत गंज दिसला असता. तो धडकेनेच मोडला. तोवर चाकं स्टेअरिंगचं ऐकत होती. दाजींनी ते का वळवलं नाही, डोळा लागला की आणखी काही, ते गाडी सांगत नाही.

तू नको म्हणालीस तर मी तोंड उघडणार नाही. पण त्या मिस्त्रीने काही केलेलं नाही.

तुझा भाऊ

२५ फेब्रुवारी

चि. ठोंब्यास,

अनेक आशीर्वाद. पत्र वाचून सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, घरातलं घरात ठेव, गेलेल्या माणसाला नावं ठेवायची नाहीत. तरी मी गेले.

मिस्त्री अर्ध्या उघड्या शटरआड बसला होता. कानामागची जखम अजून ओली आहे. शेजारचे दुकानदार ऐकतील अशा आवाजात मी सांगितलं, की बोल्ट घट्ट होता, आमच्याकडून चूक झाली. त्याने विचारलं, नक्की घट्ट होता का? मी हो म्हटलं. त्याने परत तेच विचारलं. म्हणाला, सगळे म्हणतात म्हणून त्यालाही वाटायला लागलं होतं, की आपणच विसरलो. मग तोंडावर फडकं धरून किती तरी वेळ बसून राहिला.

शेवटचे काही महिने हे गाडी बंद करून, काचा वर करून आत बसायचे. विचारलं तर म्हणायचे, काही नाही, गिअर बघतोय. मी हसण्यावारी न्यायचे.

इतके दिवस मिस्त्रीला शिव्या दिल्या की झोप लागायची. आता रागवायला हेच उरलेत. आणि यांच्यावर रागवता येत नाही रे.

गाडी न्यायला मीच येते. लेकरांना पापा. लोभ आहेच, यापुढे जरा जास्त लागेल.

तुझी ताई