चपट्यांची अनामत आणि अप्पा

प्रिय ताई,

वाकून नमस्कार. तुझे गुडघे आणि मुलांची भांडणं पूर्वीसारखीच असतील असं धरून चालते. इकडचं विचारू नकोस. नाही विचारलंस तरी सांगणारच आहे.

दारूच्या छोट्या बाटल्यांनाही आता अनामत लागू झाली, म्हणजे रिकामी चपटी दुकानात दिली की पैसे परत. (चपटी हा शब्द मी या वयात शिकले, तोही अप्पांकडून.) आई गेल्यापासून अप्पा खुर्ची सोडत नव्हते. जन्मभर मुद्रितं तपासलेला माणूस, पण वर्तमानपत्रसुद्धा नुसतं मांडीवर धरायचे. ही बातमी मात्र वाचली, चपला घातल्या आणि बाहेर पडले. परतले ते कोटाचे खिसे वाजवत.

तेव्हापासून माझ्या जिवाला स्वस्थता नाही. बाटल्या मोरीत धुतल्या जातात, गॅलरीच्या कठड्यावर वाळतात. शेजारीण माझ्याशी आजाऱ्याशी बोलावं तसं हळू बोलते. ह्यांना (जे खोकल्याचं औषधही नाक दाबून घेतात) खालच्या डॉक्टरांनी न मागता व्यसनमुक्तीची पुस्तिका दिली. घरमालक येऊन सांगून गेले, पुन्हा बाटल्या दिसल्या तर जागा सोडा. मी अप्पांना बजावलं. त्यांनी बाटल्या कठड्यावरून पलंगाखाली नेल्या.

परवा अप्पा जेवायला आलेच नाहीत. मी तशीच बाहेर पडले; बाग, बसथांबा, सगळं पालथं घातलं. सापडले दारूच्या दुकानामागे, उपड्या क्रेटवर, शेजारी भंगार वेचणाऱ्या बाई. या दोघांची आधी एका चपटीवरून चांगलीच जुंपली होती म्हणे. आता भागीदारी आहे. बाई वेचतात, अप्पा धुतात, पैसे बाईंचे. अप्पा हसत होते, ताई. मी रागानं विचारलं, "मग तुम्ही हे कशासाठी करता?"

"घरी बसून काय करू?" म्हणाले, आणि सरकून मला जागा दिली.

मी बसले. समोरून आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिका गेल्या, तरी उठले नाही. आता धुणं दुकानाच्या नळावरच होतं. घरमालक निवलेत, मी मात्र दारावर टकटक झाली की अजून दचकते.

सगळ्यांना आठवण सांग.

तुझी धाकटी

ता. क. पुढच्या आठवड्यात अप्पा तुझ्याकडे राहायला येताहेत. नाही म्हणू नकोस, मला जरा झोपू दे.

ता. क. २. भावोजी घेत नाहीत, हे आपण सगळे जाणतोच. तरी ते जी घेत नाहीत, तिच्या रिकाम्या बाटल्या फेकू नकोस. अप्पांनी आत्ताच चौकशी केली.