आमच्या मेट्रोची हँडलं

प्रिय तेजू,

फोनवर का नाही सांगितलंस, म्हणून चिडशील. पण व्हिडिओ कॉलवर तुला माझं तोंड वाचता येतं, म्हणून हे पत्र. एक गोष्ट विचारायची आहे. माझ्या पुढच्या आयुष्याचीच आहे. तू नको म्हणालीस तर विषय बंद, असं ठरवूनच लिहायला बसलेय.

बाबा गेल्यावर मी आनंदनगरच्या वर्कशॉपमध्ये लागले, तेव्हा तू केवढी भांडलीस! पण आम्ही तिथे बनवतो काय, ते कधी विचारलं नाहीस. मेट्रोच्या नव्या गाड्यांमध्ये उभ्या माणसांनी धरायची लोंबती हँडलं! आमचे सुपरवायझर मधुकरराव म्हणजे ताडमाड माणूस. नमुन्याच्या दांडीला पट्टा लावला तो स्वतःच्या हाताच्या मापाने. मी खाली उभी राहिले तर बोटंसुद्धा पोचेनात. म्हटलं, साहेब, गाडीतून काय नुसते खांबच जाणार आहेत? माझ्या शेजारी काम करणारी विठा हसून हसून पॅकिंगच्या खोक्यावर बसली. दुसरा कोणी डाफरला असता. यांनी मला चपला काढून उभं केलं, पट्टा लांबवला आणि काही पट्टे लांबच हवेत म्हणून वर कळवलं. मंजूर झालं गं! पहिली खोकी निघाली त्या दिवशी एक हँडल शिवमंदिरात महादेवापुढे ठेवून आणलं. तेव्हापासून मधुकररावांचा आणि माझा जेवणाचा डबा एकत्र उघडायला लागला. त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली. स्वतः रांधतात, मीठ कधी बरोबर पडत नाही.

आपल्याकडे मेट्रो यायची तेव्हा येईल. मागच्या सुट्टीला आम्ही वर्कशॉपमधले सगळे शहरात जाऊन आपल्या हँडलांची गाडी बघून आलो. काय चकचकीत गाडी! धक्का नाही, आवाज नाही, दारं आपोआप. लोक खिडकीबाहेर बघत होते आणि आम्ही सगळे माना वर करून हँडलं! मधुकरराव तर एकेक ओढून बघत डब्याच्या टोकापर्यंत गेले. मी मागोमाग. सिक्युरिटीवाला धावत आला, "काका, क्या खींच रहे हो? और ये मॅडम आपके घर की हैं क्या?" हे गडबडून म्हणाले, "हां, घर की हैं." मी लांबवालं हँडल धरून उभी होते. इतकी लाजले, की हसूही येईना.

 परतताना अंबरनाथला उतरल्यावर मधुकरराव म्हणाले, "मगाशी मी खोटं बोललो. ते खरं करता येईल का? सावकाश सांगा, तेजलला विचारून सांगा."

तेजू, तुझ्या बाबांवरची माया तसूभरही कमी झालेली नाही. पण चिखलोलीच्या या फ्लॅटमध्ये एकटीसाठी कुकर लावायचा मला कंटाळा आलाय. सकाळी कामावर निघताना हल्ली मी गुणगुणते, शेजारच्या बनूबाईंनीसुद्धा ओळखलंय. तुला विचारायला म्हणून बसले होते, आणि एवढं लिहून झाल्यावर कळतंय की मी विचारत नाहीये, सांगतेय. मी मधूला हो म्हणणार आहे. रागाव, रड, वाट्टेल तेवढं भांड, पण रजा काढून ये. त्यांच्याकडून दोन भाऊ, वहिन्या, पुतणे असा गोतावळा येणार आहे. मुलीकडची माणसं म्हणून मला तू एकटीच आहेस.

तुझीच,
आई