सहावा डबा

प्रिय का-गंबाई,

लहानपणी दर वाक्यामागे ‘का गं?’ विचारून तू माझं डोकं उठवायचीस, म्हणून पडलेलं हे नाव. आता मोठ्या कॉलेजात गणित शिकवतेस, पण माझ्या लेखी तू अजून का-गंच. अक्षर वेडंवाकडं आहे, तिसरी शिकलेल्या बाईचं याहून सरळ येत नाही. पण सगळं वाच, मधलं गाळू नकोस.

आधी बातम्या. तुझ्या बापाचं पोट सुटलंय आणि तो ते शर्टावर ढकलतो, म्हणे धुऊन धुऊन आटला. तुझ्या आईला बढती मिळाली, तेव्हापासून ती घरातही हाताखालच्या माणसांशी बोलावं तसं बोलते. खालच्या मजल्यावरची शिंपीणबाई आहे तशीच, जीभ माझ्याइतकीच लांब, म्हणून आमचं जमतं. हे पत्र मी तिच्याच रिळाच्या दोऱ्याला बांधून खिडकीतून खाली सोडणार आहे, ती पेटीत टाकेल. दारातून का नाही, ते सांगते.

रविवारी तुझा फोन येतो तेव्हा हे दोघं शेजारी बसलेले असतात, आवाज मोठा केलेला असतो. तू विचारतेस, आजी, खाली बाकावर जाऊन बसतेस ना? मी म्हणते, चाललंय. काय चाललंय ते तू विचारत नाहीस. जन्मभर का-का करणारी पोर नेमकी तिथेच गप्प बसते.

मागच्या सुट्टीत तू आलीस, तेव्हा मी पत्ते पिसत होते, आठवतं? तू म्हणालीस, आजी, आत्ता तुझ्या हातात हे बावन्न पत्ते ज्या क्रमाने लागलेत ना, तसे जग सुरू झाल्यापासून कुणाच्याच हातात लागले नसतील. मी म्हटलं, थापा मार. मग तू कॅलेंडरच्या पाठीवर तो आकडा लिहिलास, किती प्रकारे लागू शकतात त्याचा. आठापासून सुरू झाला आणि अडुसष्ट आकडे होईपर्यंत तुझं पेन थांबेना. मला त्यातला आठ कळला, बाकी नुसतं शेपूट. मी विचारलं, हा तुला तरी डोळ्यांपुढे दिसतो का? तू म्हणालीस, नाही आजी, मला फक्त लिहिता येतो. त्या दिवशी तू मला फार आवडलीस. तोंडावर सांगितलं नाही, डोक्यावर बसली असतीस.

मला विचारशील तर माणसाला पाचाच्या पुढे काही दिसतच नाही. बटणांच्या कारखान्यात एकतीस वर्षं मी तेच केलं. चिमटीत पाच बटणं यायची, ती न मोजता कळायची. सहावं आलं की हात अडखळायचा. अशा वीस चिमट्या झाल्या की वर चार बटणं टाकायची, कारण शंभरात चारांची भोकं हटकून बुजलेली निघायची आणि गिऱ्हाईक बोंबलायचं. आमच्या टेबलावर शंभराचा ढीग हा असा, वरच्या चारांसकट. नवी बाई आली की पहिल्या दिवशी तिला हेच शिकवायचं. त्याच्या पुढचं तराजू जाणे. एका ढिगाचं वजन ठाऊक असलं की पोतंच्या पोतं तोलून मोकळं व्हायचं. लाख बटणं मी कधी पाहिली नाहीत, फक्त उचलली. तू लिहिलेल्या आकड्यावर विश्वास ठेवतेस, मी काट्यावर ठेवायची. पाचाच्या पुढे दोघी आंधळ्याच.

आता दुधाचं सांगते. ते मी जाळलं, नाकबूल करत नाही. गॅसवर ठेवून खाली बाकावर गेले, शिंपीणबाईबरोबर तिच्या जावयाची उणीदुणी काढण्यात रमले, वर येते तर पातेल्याचा कोळसा. तुझा बाप मला डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टर साखरेच्या आजाराचा. म्हणाला, आजी, डोळे मिटा, शंभर वस्तू डोळ्यांपुढे आणा, त्यातल्या सात काढा, उरतील त्यातून परत सात, आणि सांगत जा. मी डोळे मिटले. टेबल दिसलं, ढीग दिसला. सांगितलं, सत्त्याण्णव. नव्वद. त्र्याऐंशी. शहात्तर. एकोणसत्तर. कुठे अडखळले नाही. वाटलं आता शाबासकी देतो. डोळे उघडले तर हा कागदावर फुल्या मारतोय. पाचच्या पाच चूक. तुझा बाप स्वतःच्या बुटांकडे बघत होता. परत येताना रस्ता ओलांडायला त्याने माझा हात धरला, तो ओलांडून झाल्यावरही सोडला नाही. तेव्हाच मी ओळखलं.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी साडेआठला ते दोघं कामावर निघाले की दाराला बाहेरून कुलूप लागतं, ते संध्याकाळी सातला निघतं. गॅस बंद, माझं जेवण झाकून ठेवलेलं. कुलूप लावलं की तुझा बाप ते एकदा ओढून बघतो. कुलूप एवढं लागत नाही मला, ते ओढून बघणं लागतं. वाईट असता तर भांडले असते गं, पण काळजीने करतो, त्याला काय बोलणार? खिडकीसमोर पलीकडच्या इमारतीची भिंत आहे. मान पार वाकडी केली तर बाकाचं एक टोक दिसतं, आणि त्यावर कोण बसलं असेल त्याचे गुडघे. गुडघ्यांवरून माणसं ओळखायला शिकले आहे मी.

चूक कुठे झाली ते मला चाळिसाव्या दिवशी उमगलं. जुन्या बटणांची बरणी ओतून सवयीने ढीग लावला, सात काढली आणि एकटीच हसले. वरची चार. तो त्याचे शंभर धरून बसला होता आणि मी माझा एकशेचारांचा ढीग मोजत होते. संध्याकाळी तुझ्या बापाला नीट समजावून सांगितलं. तो म्हणाला, हो आई, बरोबर आहे तुझं, जेवून घे. खुळ्या माणसाला म्हणतात ना, तसलं हो. एकदा डोकं फिरलंय असं ठरलं की शहाणपणाचं बोललेलंही त्याच पारड्यात पडतं.

दिवस काढायला काहीतरी हवं होतं. तू जाताना मला एक कोडं घातलं होतंस, फळीवरचे पाच डबे किती प्रकारे ओळीत लागतील? मी म्हटलं, फार तर पंचवीस. तू म्हणालीस, एकशेवीस. तर म्हटलं, बघू तरी खरं बोलते का. कुलपाच्या पहिल्या दिवसापासून रोज एक मांडणी. तू दाखवलंस तसं, एक डबा पहिला धरायचा आणि बाकीचे फिरवायचे. मीठ पहिलं असताना चोवीस दिवस गेले, मग साखर, मग चहा, मग तांदूळ, मग डाळ. वहीत दिवसाला एक ओळ, एकही मांडणी दुसऱ्यांदा नाही. तुझ्या आईला रोज मीठ शोधावं लागतं. परवा ती हळू आवाजात तुझ्या बापाला म्हणाली, आता डबेही हलवायला लागल्यात. घे. डोकं शाबूत असल्याचा माझ्याकडे एक पुरावा, तोही विरुद्ध गेला.

काल शेवटची मांडणी झाली. एकशेवीस. रविवार त्यात नाहीत, रविवारी दार उघडं असतं. आज सकाळी कुलूप लागलं, ओढून बघून झालं, आणि मी फळीपुढे उभी राहिले तर लावायला काही उरलंच नव्हतं. खाली कोपऱ्यात पिठाचा डबा आहे, सहावा. तो वर घेतला की सातशेवीस होतात, एका डब्याने. म्हणजे सव्वादोन वर्षं आणि वर. का-गं, तुझ्या त्या अडुसष्ट आकड्यांनी मला कधी धडकी भरली नाही, ते कुणाच्याच डोक्यात मावत नाहीत. सातशेवीस मावतात. मला ते एकेक करून दिसले, प्रत्येकाला दार आणि दाराला कुलूप. म्हणून हे लिहिते आहे. तू ये. फोन करू नकोस, ये. आकड्यांच्या बाबतीत तुझा बाप तुझ्याखेरीज कुणाचं ऐकत नाही. तो डॉक्टरचा कागद काढायला लाव, बटणं टेबलावर ओत, त्याच्यासमोर वीस चिमट्या आणि वर चार मोज, आणि सात-सात काढत जा. वहीही दाखव. दुधाचा दोष माझा, तो मी घेते, पण माझं डोकं तोलायचंच असेल तर काटा तरी बरोबर लावा. सहावा डबा मी अजून उचललेला नाही. फळीवर कालचीच मांडणी आहे, उद्याही तीच राहील, तू येऊन दार उघडशील तोवर.

तुझीच,
पाचापर्यंत दिसणारी आजी