डाव्या हाताच्या मुलींसाठी धरणगावचे घर

मी, यशोदाबाई तोताराम महाजन, बी. ए., वय वर्षे अठ्ठावन्न, धरणगावच्या मुलींच्या शाळेची निवृत्त मुख्याध्यापिका, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. भाचा चुडामण याला शंका असल्यास त्याने डॉक्टरांना विचारावे, शेजाऱ्यांना नव्हे.

१. भिंतीवरचे घड्याळ चुडामणला द्यावे. तो आजवर कुठेही वेळेवर आलेला नाही.

२. माझ्या पगारातून बांधलेले राहते घर कौतिक माळी यांची मुलगी धुरपदाबाई हिला द्यावे. चुडामण म्हणतो, "आत्या, जिला शाळेतून काढलंस तिलाच घर?" होय, तिलाच.

तपासणीला साहेब आले की आमच्याकडे एक रीत होती. प्रश्न विचारताच सगळ्या मुलींनी हात वर करायचा; उत्तर येणारीने उजवा, न येणारीने डावा. शिक्षिका उजव्या हातांनाच उभे करीत. साहेब खूश होत. रीत मीच घातली. १९३८ साली सातवीत पहिली येणारी धुरपदा डावा हात वर करून आपणहून उभी राहिली आणि साहेबांना त्याचा अर्थ सांगितला.

मी विचारले, "तुला तर येत होतं ना?"

"माले येस, बाई. पन बाकीन्या पोरीस्ले येत नही, हाई सायबले कोन सांगी?"

त्याच दिवशी मी तिचे नाव कमी केले. शेरा 'उद्धट'. तो चुकीचा होता. तो खोडण्याचा अर्ज सोबत आहे.

३. पुढे ती कापसाच्या गोदामात डाव्या हाताच्या मुलींना शिकवू लागली. मी कुडाआड उभी राहून ऐकले. ती विचारी, "कोनले येत नही?" आणि हात वर करायला मुली भांडत. तिथे घंटा नाही, छडी नाही, परीक्षा नाही. माझ्याकडे तिन्ही होत्या, तरी मुली पोटदुखीचे निमित्त काढून घरी बसत. तिथे तापातही येतात.

गोदाम विकले गेले आहे. दिवाळीपर्यंत जागा सोडायची आहे. म्हणून धुरपदाबाईने ताबा माझ्या मरणाची वाट न पाहता दसऱ्यालाच घ्यावा. मी मागच्या खोलीत राहीन. अट काहीच नाही. घातली तर ती घेणार नाही. अजून तिने होकार दिलेला नाही.

४. छडी बंबात घालावी.

५. त्या मुली का येतात, हे एकोणतीस वर्षे शिकवूनही मला कळलेले नाही. म्हणून सहीपूर्वी साक्षीदारांसमोर मी डावा हात वर केला आहे. त्यांनी तशी नोंद करावी.

यशोदाबाई तोताराम महाजन
धरणगाव, ता. ९ सप्टेंबर १९४६

साक्षीदार:
भिकन सुपडू पाटील. सही समोर झाली. बाईंचा डावा हात पाहिला.
रतिलाल मगनलाल शहा. मीही पाहिला. धुरपदाबाई दारात उभी होती. तिने उजवा वर केला.