न उघडलेला डबा

प्रिय आई,

काल तू परत गेलीस. तू आणलेला पावडरच्या दुधाचा डबा कपाटावर सीलबंदच आहे. हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही. वाचून तू म्हणशील, "मी कुठे रडले? काहीतरीच तुझं!"

हॉस्पिटलमध्ये आलीस तीच तो डबा घेऊन. "आपल्याकडच्या बायकांना दूध येत नाही गं. मला तरी कुठे आलं?" मीही बाळाबरोबर रडत बसले होते. सिस्टर मात्र डब्याकडे न बघता माझ्याशेजारी बसल्या. त्यांनी उशी सरकवली, बाळाचं पोट माझ्या पोटाला टेकवलं, त्यानं तोंड मोठं उघडेपर्यंत वाट पाहिली. आणि ते चक्क प्यायला लागलं!

"हा पिवळा चीक वाया घालवू नका," सिस्टर म्हणाल्या. "आजारांशी लढायची ताकद बाळाला यातून मिळते. पाजल्यानं तुमचा रक्तस्रावही कमी होईल."

"आम्हाला तर तो पिळून टाकायला लावला होता," असं म्हणून तू चहा आणायला बाहेर गेलीस. चहा काही आला नाही; तू आलीस ती डोळे पुसत.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या खाटेवरची बाळंतीण दूध येईना म्हणून रडायला लागली, तर सिस्टरांच्या आधी तू हजर! अख्ख्या वॉर्डाची आई झालीस. तिची उशी सरकवत म्हणालीस, "दूध आहे गं तुला. कुणीतरी जवळ बसायला हवं, एवढंच."

आई, ते तू कुणाला सांगत होतीस, ते मला कळलं.

तुझी,
डब्यावर वाढूनही धडधाकट निघालेली लेक